सूर नावाचं गाव

मस्कतहून निघालो तेव्हा लॉर्नने गाडीत विचारलं,
सूर म्हणजे काय रे, बशीर?
अरबीतलं मला ठाऊक नव्हतं.
म्हटलं, आमच्यात गाताना लागतो तो सूर,
आणि पोरं पुलावरून खाडीत मारतात तोही सूर.
तो म्हणाला, दोन्ही केलंय मी. पगारावर.

मग कुरियात येईस्तोवर सांगत राहिला,
खिडकीबाहेरच्या उघड्या डोंगरांकडे बघत:
अकरा हिवाळे एका व्हॅनमध्ये,
पुढे गाणाऱ्या दोघी बहिणी, मागे ड्रम,
आणि ड्रमला टेकून हा, चार जाड तारांवर.
एक गाणं रेडिओवर लागलं.
आईचा फोन आला, गाणं छान आहे,
पण तू कुठे आहेस त्यात?
बहिणींचं बिनसलं, व्हॅन विकली.
नगरपालिकेच्या तलावात मुलांना पोहायला शिकवलं,
रस्त्यावरचं बर्फ ढकलायचा ट्रक चालवला,
लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापले, जोडले.
नवरीच्या रडण्याखाली हळूच
एक खालचा स्वर सरकवून द्यायचा.
कुणाच्या लक्षात यायचं नाही,
पैसे मात्र वाढवून मिळायचे.

बारा गावचं पाणी प्यालास, मी म्हटलं.
इंग्रजीत सांगताना त्यातलं पाणीच सांडलं.

माझंही काही सरळ नव्हतं.
दाभोळचा होडेकर मी, होडी फक्त आडनावात.
रुवीत ज्यूसच्या दुकानात मोसंबी सोलली,
एसीत गॅस भरला,
आता काठी धरतो, टोकाला केसाळ माईक.
दंड भरून येतात.
चित्रात दिसलो तर चूक माझी.

सूरला उस्ताद हुमैद अरैमी,
अख्ख्या किनाऱ्यावर त्यांचं एकच गलबत,
सांगाडा उभा, मालक बेपत्ता.
तीन दिवस त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली.
मांडवीचा एक खारवा फटींमध्ये
तेलातला कापूस ठोकत बसलेला,
टक टक, ठक. टक टक, ठक.
लॉर्नचा अंगठा पँटवर आपोआप चालायचा.

चौथ्या दिवशी कॅमेरा तापून बंद पडला.
मी ओला टॉवेल घालत होतो त्याच्यावर, तापकऱ्याला घालतात तसा.
लॉर्न गलबताच्या पोटात जाऊन बसला
आणि त्या ठोक्यांखाली फळीवर बोटं वाजवू लागला,
मधे, उशिरा, जागा सोडून.
खारवा थांबला नाही. उस्ताद थांबले.
आत आले. म्हणाले, ही फळी नको, ही बद्द बोलते.
पुढच्या फळीवर त्यांनी मूठ आपटली,
ऐक. ही कालिकतची. हिला अजून झाड आठवतं.

मग फळीमागून फळी, चाळीस मिनिटं.
बापाने मारलेली थप्पड कुठल्या खिळ्यासाठी,
भावाचं गलबत कुठल्या वर्षी परतलं नाही,
ते नाव घेताना त्यांनी दोनदा ठोकलं, बोलले नाहीत.
कॅमेरा बंद. माझी काठी वर होती.
खांदा जळत होता, कानात
ते सगळं लाकूड.

सिनेमात सहा मिनिटं काळोख आहे.
लॉर्नने लिहिलं, तिकडे पहिल्या खेळाला
एक माणूस उठून मशीनवाल्याला शिव्या घालायला गेला,
दारापर्यंत पोचला आणि तिथेच उभा राहिला.
शेवटी नावं येतात, त्यात मी आहे,
बशीर हॉडकर. होडी तेवढी बुडाली.

त्याच्या आईचं विचारायचं राहून गेलं.
आता तो म्हणे मधमाशा पाळायला शिकतोय.

मी परत एसीवर, सोहारला.
कंप्रेसर उघडण्याआधी बोटाने वाजवून बघतो.
साहेब विचारतो, काय करतोस?
काही नाही, म्हणतो,
बद्द आहे का बघतोय.