डावीकडून तिसरं मढं

शनिवारी रात्री गावच्या हॉलमध्ये
भिंतीवर चादर ताणून त्यांनी सिनेमा दाखवला,
आमच्याच नेवाडातल्या धुळीत काढलेला,
अकरा दिवसांत, उसन्या कॅमेऱ्यावर.
तिकीट चार डॉलर, त्यात मक्याच्या लाह्या.

लाह्या बऱ्या होत्या, म्हणाली वर्ना टकेट,
आणि पुढे काहीच बोलली नाही,
म्हणजे सगळं बोलली.

नाल ठोकणारा एमेट बाहेर पायरीवर बसून
बोटं मोडत होता :
बारा दरोडेखोर म्हणे, बारा घोडे.
अरे, घोडी एकच. माझी. पॅप्रिका.
एकदा डावीकडून दौडवली, एकदा उजवीकडून,
एकदा कपाळाला खडू फासून.
मागचा डावा पाय ती जरा उशिरा टाकते,
दरोडेखोर बसला तरी तशीच,
शेरीफ बसला तरी तशीच.
इथंच तर सगळं घोडं पेंड खातं.

आणि आगगाडी? आगगाडी लुटली म्हणतात,
ती आम्हाला कुठं दिसली?
शिट्टी वाजली, सगळ्यांनी उजवीकडे माना वळवल्या,
पुढच्या दृश्यात पोती जमिनीवर.
बेव्हन प्रिचर्डने एकतीस वर्षं रुळांवर काढलीत,
तो उठून उभाच राहिला अंधारात :
ही शिट्टी डिझेलची आहे!
अठराशे चौऱ्याहत्तर सालात डिझेल!
त्याला खाली बसवायला दोघं लागले.

रेफर्ड सॅम मागच्या रांगेत, हॅट मांडीवर.
शोशोनी म्हणून ज्यांनी आरोळ्या ठोकल्या
ते दोघं भाऊ रीनोचे,
एक दातांचा डॉक्टर व्हायला शिकतोय.
आमच्याकडून त्यांना घोंगड्या हव्या होत्या,
रेफर्ड म्हणाला, फक्त घोंगड्या.
मग थोड्या वेळाने :
भाडं अजून आलेलं नाही.

मायते एचेवेरीला शेवट कळला नाही.
तिच्या नवऱ्याला सुरुवात.
मधलं दोघांनाही कळलं,
कारण मध्ये काहीच नव्हतं.

पण एका गोष्टीवर अख्ख्या गावाचं एकमत झालं.
दारूच्या गुत्त्यासमोर पाच मढी पडलेली असतात ना,
त्यातलं डावीकडून तिसरं
श्वास घेतं.
घेतं म्हणजे काय, भात्यासारखं घेतं!
हॉल इतका हसला की चादर हलली,
आणि चादरीवर नायकाचं तोंड वाकडं झालं.

ते मढं मी.
एरवी गॅसच्या गोदामावर सिलिंडर मोजतो.
दिग्दर्शक म्हणाला होता, वीस सेकंद दम धरा.
धरला.
पण नायक आमच्या उशाशी गुडघे टेकून
भाषण विसरला,
पुन्हा सुरू केलं, पुन्हा विसरला,
मानेवरून एक मुंगी कॉलरमध्ये उतरली,
जूनचं ऊन पापण्यांतून लाल दिसत होतं.
मेल्यावर इतका उकाडा असेल
असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच वसंतात माझ्या काळजाची एक झडप बदलली होती.
आयोन, माझी बायको, तेव्हापासून
रात्री दोन-तीनदा उठते,
माझ्या छातीवर पालथा हात ठेवते,
मी झोपलोय असं तिला वाटतं.

हॉल हसत होता तेव्हा ती हसली नाही.
गाडीत बसल्यावर म्हणाली,
एकोणीस.
काय एकोणीस?
एकोणीस वेळा घेतलास. मी मोजले.
आणि काच खाली करून
बाहेरच्या काळोखाकडे बघत राहिली,
जिथं पाहण्यासारखं काहीही नाही,
नुसती सेजची झुडपं, मैलोन्‌मैल.

सिनेमा टुकारच. मीही तेच म्हणतो
कोणी गोदामावर विचारलं की.
चार डॉलर पाण्यात, तेही वाळवंटात.

दुसरा भाग काढणार आहेत म्हणे शरद ऋतूत.
मला काम नाही, मी मेलोय.
पॅप्रिकाला आहे.
एमेटने दिवसाला दहा डॉलर वाढवून मागितलेत,
आणि रेफर्डने सांगितलंय,
या खेपेला पैसे आधी,
घोंगड्या मग.