रकाना सातवा

उद्यमबागेत, ढलाईच्या कारखान्यामागं
लाकडी साचे ठेवायची खोली होती,
तिचा मी स्टुडिओ केला. भिंतींना सतरंज्या,
छताला अजून वाळूचा वास.
एरवी इथं वाढदिवस, जत्रेची पत्रकं,
आणि निवडणुकीत रिक्षावरनं फिरणारे आवाज:
सकाळी एका पक्षाचा, मराठीत,
दुपारी दुसऱ्याचा, कन्नडमध्ये.
गळा एकच, आमच्या मंजूचा.
मध्ये फक्त चहा.

या चौघांकडं शब्दच नव्हते.
पहिले दोन दिवस मी उगाच मुखड्याची वाट बघितली.

अन्सेल्म फुर्ताद, कॅम्पातली बेकरी,
पहाटेची भट्टी उरकून सॅक्सोफोन घेऊन यायचा,
बाहीला मैदा.
रेवा याळगीचा पियानो एका शाळेनं काढून टाकलेला.
खालची एक पट्टी ओलीनं मुकी झालीय.
ती तरी तिथं बोट ठेवायचीच,
आणि न आलेला सूर आम्ही सगळे ऐकायचो.
मल्लेशप्पा हुक्केरी, साखर कारखान्यात फिटर,
डबल बासला खेटून उभा.
खुंट्या पिळताना तोंडानं पाव आटा, अर्धा आटा मोजायचा.

आणि ड्रमवर परशराम सांबरेकर,
तीस वर्षं पलटणीच्या बँडात.
मिनिटाला एकशेवीस पावलं, पहिलं डावं.
उशीर कसा करायचा
हे त्या पायाला कुणी शिकवलं नव्हतं.

चौथी रचना, अकरा मिनिटांची.
अन्सेल्मचा सूर दमून उंबऱ्यावर बसतो,
रेवा दोन घरं सोडून हाक मारते,
आणि परशराम पुढं. सगळ्यांच्या पुढं,
जसा मैदानापलीकडं कुणी साहेब
हातात घड्याळ धरून उभा आहे.
तीन टेक झाले. सात झाले.
"कुठं पळूलास, बा?" अन्सेल्म म्हणाला.
परशरामनं काठ्या मांडीवर ठेवल्या.
"मागं राहायला लाज वाटते."

कुणी हसलं नाही.
शेजारची भट्टी त्या दिवशी बंद होती,
त्यामुळं ते फारच ऐकू आलं.

आठवा टेक. चार मिनिटं अकरा सेकंद.
मल्लेशप्पा, मान न वळवता:
सावकाश.

ब्रश झांजेवर टेकला, तिथंच राहिला.
ठोका आपल्या जागेवरनं सरकला,
जोंधळ्याच्या दाण्याएवढा.
मी काचेतनं परशरामचा डावा बूट बघत होतो.
तो खाली येता येता वाटेत कुठंतरी बसला,
पाणी प्याला,
मग आला.

तो शब्द मी पुसला नाही.
पुसायला गेलो तर बासचा सूरही जातो,
असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर जात नाही.

आता कंपनीचा फॉर्म आलाय.
वाद्यं: चार. अवधी: बेचाळीस मिनिटं.
रकाना सातवा, भाषा.
रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही.
मल्लेशप्पाला फोन लावला:
"ते सावकाश कुठल्या भाषेत म्हणालास?"
मागं यंत्राची घरघर. बराच वेळ.
त्याच्या घरी दूध तापलं की हाच शब्द म्हणतात.
माझ्याही.
"परशरामला कळलं की," तो म्हणाला,
आणि पाळी सुटायचा भोंगा झाला.

रात्रीचे पावणेदोन. फॉर्म उघडाच आहे.
सातव्या रकान्यात ती उभी रेघ लुकलुकते.
मोजली मी.
मिनिटाला एकशेवीस असावी.