खडी

मार्व्याच्या धक्क्यावर पाच पन्नासची बोट.
सायकलचं तिकीट माझ्यापेक्षा दोन रुपयांनी जास्त.
"तिला जागा जास्त लागते, शेट," पोरगा म्हणतो.
मी मान डोलावतो. घरीही हेच ऐकतो.

खाडी ओलांडायला चार मिनिटं.
तेवढ्यात मागे विरत जातात
मालाडचे हॉर्न, दुकानाचं शटर,
झेरॉक्सच्या यंत्राचा तो हिरवा उजेड
जो एकवीस वर्षं माझ्या हनुवटीखालून सरकतोय.

मनोरीला रिक्षा जातात तिकडे मी वळत नाही.
विहिरीमागून, ताडांच्या रांगेतून
मिठागराच्या बांधाला लागतो
आणि मग ती येते.
खडी.
चाकाखाली फुटाणे भाजल्यासारखी तडतड,
मनगटातून खांद्यात, खांद्यातून दाढेत.
पन्नाशीच्या माणसाला कळतं
आपल्यात हाडं किती आहेत
आणि ती अजून एकमेकांशी बोलतात.

ना मोटार, ना टेम्पो.
एक बगळा, त्याला घाई नाही.
वळणावर चुना लावलेला क्रूस,
प्लेगच्या सालचा, गळ्यात कालचा झेंडू.
पुढे तोकळेपाखाडी: अकरा घरं,
बाहेरून चढणारे लाकडी जिने,
उंबऱ्यावर वाळत घातलेला बोंबील,
आणि सगळीकडे आंबूस गोड वास.
द्राक्षाची वेल इथे औषधालाही नाही.
आहे ते जांभूळ.
बरण्यांच्या तोंडाला जुन्या साडीचे तुकडे,
वर तारखा, खडूने.

रेमेदियाबाईंच्या दारातच टायर बसला.
शिंपल्याची धार, बोटभर.
त्यांनी परात आणून दिली,
जांभळं चुरलेली, कडा अजून जांभळ्या.
मी ट्यूब पाण्यात धरली. बुडबुडे आले.
शेजारच्या बरणीतही येत होते, एकेक, सावकाश.
"हलू बोल," बाई म्हणाल्या, "ती उकलतेय."

मग पेल्यात दोन बोटं ओतली,
गेल्या वर्षीची.
मी म्हणालो, काय रस्ता आहे हो तुमचा!
असा आता मुंबईत उरला नाही कुठे.

त्या हसल्या नाहीत.
"रस्ता नाय तो. रस्त्याचं पोट हाय नुसतं.
खडी टाकली नि कंत्राटदार गेला,
नऊ वर्सं झाली.
आमच्या इनासला राती रिक्षात घातला
तवा दर दगडाला म्हनायचा, हलू, हलू.
धक्क्यापत्तोर म्हनत व्हता.
तुला मजा वाटते, वाटूंदे.
मना डांबर पायजे."

पॅच चिकटेपर्यंत कुणी काही बोललं नाही.
निघताना त्यांनी विचारलं, धंदा काय?
मी सांगितलं.
त्या आत गेल्या, घडी केलेला कागद घेऊन आल्या:
माननीय वॉर्ड ऑफिसर साहेब यांस,
खाली अकरा घरांच्या सह्या, चार अंगठे.
"पंचवीस कॉप्या काढ. पैशे पुढच्या आयतवारी."

परत येताना कागद पाठीच्या खिशात,
घामाने भिजू नये म्हणून पिशवीत.
खडी तशीच तडतडत होती.
मी मात्र प्रत्येक दगडाला
कुणीतरी काही म्हणतंय का, ऐकत होतो.

सोमवारी विसरलो.
मंगळवारीही विसरलो.
खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो.
बुधवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
काचेवर कागद पालथा घातला.
हिरवा उजेड गेला, आला,
गेला, आला,
पंचवीस वेळा रस्ता मागत.

तिसऱ्या प्रतीवर एक अंगठा पुसट आला.
ती फाडली. पुन्हा काढली.

रविवारी पाच पन्नासला धक्क्यावर उभा आहे.
टायरमधली हवा थोडी कमी केलीय.
पोरगा विचारतो, "आज पिशवीत काय, शेट?"
डांबर, मी म्हणतो.
तो हसतो, आणि सायकल उचलून
बोटीत आडवी ठेवतो.