चुका दुरुस्त करणारी मेमरी

कोटेशनं तीन आली. दोन सांतियागोहून,
तिसरं इथलंच, वाल्दिव्हियातल्या त्या दुकानाचं
जे एरवी छापखान्यांना शाई विकतं.
मंजूर रक्कम एक कोटी चाळीस लाख पेसो.
ऐकायला डोंगर. यादी लिहायला बसलो
तर माउसपर्यंत पोचेपर्यंत टेकडीही उरली नाही.

रायेन उएंचुमिल म्हणते, कार्ड मोठंच हवं.
तिची लाट नऊ कोटी त्रिकोणांची,
चोवीस गिगाबाइटात मावत नाही,
पडदा काळा होतो,
किनारा दिसण्याआधीच फुटते बिचारी.
"दोन लहान घेऊ की," मी म्हणालो.
"दोन बादल्या शेजारी ठेवल्या
म्हणून पिंप होत नाही."

पण ते मोठं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
मग पॉवर सप्लाय मोठा, मग पेटी, मग पंखे,
आणि वायरिंग तर लाकडी भिंतीतून गेलेलं,
माझ्या वयाचं.
हीटर नि किटली एकदम लावली
तरी बासिलियो अंधारात फ्यूज शोधत शिव्या देतो.
हवेत मीठ आहे ते वेगळंच.
जुनं मशीन उघडलं तेव्हा पंख्यावर हिरवट थर,
आणि जाळं अर्धवट टाकून मेलेला एक कोळी.

डिस्कवर हात आखडता नको, हे मीच ठरवलं.
लाटेच्या दर सेकंदाची एक फाइल,
आणि ती वाचताना मशीन अडखळलं
तर समुद्र उचकी लागल्यासारखा येतो.

घोडं अडलं सातव्या ओळीशी:
चुका आपणहून दुरुस्त करणारी मेमरी.
साधीपेक्षा पुष्कळ महाग.
आकाशातून कुठूनसा एखादा कण येतो म्हणे,
एका शून्याचा एक करून निघून जातो,
कुणाला पत्ता लागत नाही.
"आपल्याला चित्रंच तर काढायचीत," बासिलियो म्हणाला.
मी पेन्सिलीने काट मारली. मग खोडली.

शनिवारी उसना लॅपटॉप घेऊन लास गार्सासला गेलो,
कोळ्यांच्या संघटनेची खोली, भिंतीवर चादर.
पाव रिझोल्यूशनची लाट सोडली:
उंच तिथे लाल, मग पिवळी, खाली निळी.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
दोन्या एदुविहेस कारिमान म्हणाल्या, "परत लाव."
साठ साली त्या सहा वर्षांच्या होत्या.
रविवार होता.

तीनदा लावली.
"पाणी लाल नव्हतं."
"तो नुसता उंचीचा रंग आहे, दोन्या," रायेन सांगू लागली.
"कळलं ग मला. पण काळं होतं.
आधी आवाज गेला, मग पाणी गेलं,
आणि आलं तेव्हा त्यात आमचं दार होतं.
बंद दार. कडी लावलेली."

बाहेर सिगरेट पेटवत त्यांचा मुलगा म्हणाला,
मागच्या वर्षी ती खिडकी होती.
त्याआधी बाकडं.
आम्ही नाही कुणी दुरुस्त करत.

सोमवारी यादी फाडून नवी केली.
मोठं कार्ड राहिलं.
दुसरा मॉनिटर गेला, चांगली खुर्ची गेली,
हीटरसाठी वेगळी लाइन ओढायचं कबूल करून घेतलं.
सातवी ओळ ठेवली.
बासिलियोने भुवई उचलली, सही केली,
का ते विचारलं नाही,
विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

माल यायला सहा आठवडे.
तोवर रायेन जुन्याच मशीनवर काळ्या रंगाच्या छटा लावून पाहते,
ओल्या दगडाचा काळा, इंजिन ऑइलचा काळा,
सकाळी नदीवर असतो तो.
काल मान वर न करता तिने विचारलं,
बंद दाराला किती त्रिकोण लागतील?

दोन, मी म्हणालो.
कडीचे वेगळे.