‘ऑर्डर’च्या जवळ

सातपूरला, पिठाच्या गिरणीवरच्या आमच्या ऑफिसात
रात्री पावणेदोनला डेटाबेस म्हणाला:
चूक आहे, ‘ऑर्डर’च्या जवळ.
चूक कुठे, हे तो कधीच सांगत नाही.
जवळ, एवढंच.
पत्ता विचारला की सांगतात तसं, मारुतीच्या जवळ,
आणि गावात मारुती तीन.

काम मोहाडीच्या पॅकहाउसचं.
मी सरळ लिहिलं होतं:
ऑर्डर ही एक वस्तू. तिला नंबर, पेट्या, जहाजाची तारीख.
मधला दुभाष्या, ते ओआरएम,
ज्याच्या भरवशावर मी चार वर्षांत
हाताने क्वेरी लिहायचं विसरून गेले,
त्याने इमानदारीत तसंच्या तसं पलीकडे सांगितलं.
आणि पलीकडे ‘ऑर्डर’ आधीच कुणाचा तरी होता.
क्रम लावा, असा हुकूम.
एसटीच्या सीटमागे रंगवलेलं असतं तसं: राखीव.

निसार मणियार फोनवर जांभई देत म्हणाला,
नावच बदल ना. ‘मागणी’ ठेव. कोण बघतंय आत?

नावच बदल.

परवा मोहाडीला टॅबलेट शिकवायला गेले होते.
कात्रीने सडके मणी काढणारी पुंजाबाई गांगुर्डे
‘पतीचे नाव’पाशी थांबली.
बाकीच्या खुसुखुसु हसल्या.
नवऱ्याचं नाव कारभारी.
आता आली का पंचाईत!
अख्ख्या गावातल्या बायांनी आपापल्या नवऱ्याला
खुशाल कारभारी म्हणावं,
हिलाच तेवढं म्हणता येऊ नये.
कात्री खाली ठेवली, पदर सारखा केला,

थॉमसनच्या घडाला कागदाची घोंगडी,
कारभारींचं नाव घेते, दारं ठेवा उघडी.

मी टाइप केलं. हिरवी खूण आली.

चहाच्या वेळी कळलं, पुंजा हेही मागाहूनचं.
माहेरी ती गंगा.
सासरी सासू गंगा आधीपासून होती,
एका उंबऱ्याआत दोन कशा मावतील?
ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं,
त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला.
“नाशकाला गेलो की सगळे म्हणतात गंगेवर जाऊन येऊ.
मी म्हणते, मोठ्या पाण्यावर.
म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली, बाई.
जीभ वळत नाही अजून.”

थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून
बागेत घडाघडाला वर्तमानपत्र गुंडाळतात.
वर निविदा, राशिभविष्य, कुणाचा तरी दहावा.
आत घड तोच.

तसंच करायचं होतं. नावाच्या दोन्ही बाजूंना
अवतरणचिन्हं, आणि दुभाष्याला एक ओळ:
हे नाव आहे, हुकूम नाही,
घेशील तेव्हा गुंडाळून घे.

निसारचं चुकत नाही, हेही खरं.
पुढे कुणी घाईत हाताने क्वेरी लिहील,
कागद लावायचा विसरेल,
मग रात्री पावणेदोनला त्यालाही ऐकू येईल, ‘जवळ’,
आणि तो मला शिव्या देईल. देऊ दे.

चालवून पाहिलं. टेबल तयार झालं.
खाली गिरणीचा पट्टा बंद, तरी
की-बोर्डवर पिठाची साय होतीच.

चाचणीसाठी एक ओळ भरायची असते, काहीही.
ऑर्डर नंबर एक. पेट्या चार.
घेणाऱ्याचे नाव: गंगा.

डेटाबेसने काही विचारलं नाही.
ठेवून घेतलं.