शंभरपैकी

भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
मी बेअरिंगं पास-नापास केली.
त्याच हातानं ही वही आखली:
पाणी, माती, ऊन, दवाखाना, माणसं.
सत्तरच्या वर गुण पडतील त्या तालुक्यात
आम्ही दोघं विकत काही न आणता जगणार.

पुरंदरला वारा खणखणीत, विहीर कोरडी: एकेचाळीस.
शिरूरला उसाच्या आडोशाला बिबट्या.
रत्नप्रभा म्हणाली, कोंबड्यांचे गुण त्यालाच देऊन टाक.
मुळशीत माती हातात घेण्याआधीच
पांढऱ्या बुटातल्या माणसानं
समोरच्या दरीचा गुंठ्यावर दर सांगितला.

मग आंबेगाव.
डिंभ्याचं पाणी बाजूला ठेवत
डांबर संपेपर्यंत, आणि त्यापुढे बरंच.
पावसाला दहापैकी दहा,
पण माघातच झरा करंगळीएवढा.
बरणीत माती घेतली, पाणी घालून हलवली,
थर बसेपर्यंत ठमाबाई असवल्यांच्या ओट्यावर टेकलो.

त्यांनी चष्मा लावून वही वाचली,
मागच्या पानावरचा वाणसामानाचा हिशेबसुद्धा.
"ह्यात मीठ कुठंय?"

भात घरचा. नाचणी, वरई घरची.
खुरासणी घाण्यावर नेली की तेल.
"आन् मिठासाठी हिरडा.
पोरगं झाडावर चढतं, फांदी मोडली तर मंचर गाठायचं.
व्यापारी भाव पाडतो तवा
मीठ तेवढंच लागतं, हिरडा दुप्पट."

मी नवा रकाना आखला. मीठ.
पेन तिथंच थांबलं.

"खाचरं कोन पाडनार?"
आम्ही दोघं, मी म्हणालो.
त्या इतक्या हसल्या की
खुराड्यातली खुडूक कोंबडी उठून बाहेर आली.
"ह्या उताराला दोघं?
आज समदी माझ्याकडं, उद्या समदी दुसऱ्याकडं,
उन्हाळाभर दगड न् माती. पडकई म्हंत्यात.
तुमी जाल का दुसऱ्याच्या उतारावर?"

जाऊ, रत्नप्रभा म्हणाली.
तिच्या गुडघ्याला मी विचारलं नाही.

चहा कोरा आला, साखर विकतची.
कपबशा उचलता उचलता
ठमाबाईंनी सहज सांगितलं,
"जमीन मातूर भायेरच्याला मिळायची न्हाय हितं.
आमची हाय, आमच्यातच ऱ्हाती."
हे आधी का नाही सांगितलं?
"इचारलंत कुठं?"

परतीला बरणी रत्नप्रभाच्या मांडीवर.
खाली वाळू, मध्ये गाळ,
वर गढूळ पाणी, वळणावळणाला पुन्हा मिसळणारं.
बेरीज राहिली आहे.

मंचरला तिनं गाडी थांबवायला लावली,
खडेमिठाच्या दोन पिशव्या घेतल्या.
एक आपल्याला, म्हणाली, एक ठमाबाईंना,
रविवारी त्यांच्या उतारावर पडकई आहे.

भोसरीत घमेलं कुठे मिळतं
हे मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं.