भाता

पहिल्यांदा आला तेव्हा पेटी डोक्यावर,
खाली टॉवेलची चुंबळ.
खेतवाडीची अकरावी गल्ली, दुपारची वेळ.
"सूर सुटलाय," म्हणाला.
मी बोट फिरवलं. काळी तीन फसफसत होती,
भात्यात उंदराचा संसार.
पैसे नव्हते. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं,
तेही बंद.
वहीत नाव लिहिलं : भार्गव तेंडोलकर.
न विचारता सांगितलं त्यानं,
बाप दशावतारात पेटी वाजवायचा,
रात्रभर, राक्षस मरेपर्यंत.

तीन वर्षांनी समोरच्या पिठाच्या गिरणीत
रेडिओवर त्याचं गाणं लागलं,
आणि हरखचंदनं जात्याचा पट्टा उतरवला.
भरदुपारी गल्ली गप्प झालेली
मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.
साठ व्हायोलिनांच्या मधे, दोन श्वासांपुरती,
माझी काळी तीन.
ओळखली मी.
पीठ हातावर घेऊन बाया तशाच उभ्या.

मग गाडी यायची. ड्रायव्हर यायचा. तो नाही.
पेटीबरोबर चिठ्ठी : "इनासियोच्या व्हायोलिनांशी जुळवून द्या."
मी द्यायचो.
भाता उघडला की त्याचं वर्ष कसं गेलं ते कळायचं,
सुपारीचा भुगा, अत्तर,
कुणीतरी ओवाळून टाकलेली पाचाची नोट,
आणि एकदा हिरव्या बांगडीची काच.
मी विचारलं नाही. ड्रायव्हर बोलला नाही.
काच अजून खिळ्यांच्या डबीत आहे.

नंतर अकरा वर्षं कुणीच नाही.
पोरं जायची दुकानावरून, पाठीला काळी पिशवी,
पिशवीत अख्खा वाद्यवृंद, सतारीसकट.
मी बॅगांच्या चेन बसवायला लागलो.

परवाच्या परवा, म्हणजे झाली चार वर्षं,
टॅक्सीतून उतरला.
पेटीला सत्काराची शाल गुंडाळलेली,
जरीला मुंग्या.
"डावा हात गेला. तू भाता मार."
मी मारायला लागलो तर ओरडला,
"लोहारासारखा नको रे! आधी घे, मग दे."
घेतलं. दिलं.
वीस मिनिटं असतील. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.
"कुठल्या पिक्चरची?" मी विचारलं.
हसला तेव्हा तोंड एका बाजूनंच हललं.
"राक्षस मेला की बाप ही वाजवायचा.
लोक उठून गेलेले, चटया गोळा होतायत,
रावण मिशी सोडवतोय रॉकेलनं.
कुणी मागितलीच नाही माझ्याकडे.
मीही दाखवली नाही कुणाला."

गेला तेव्हा चॅनलची मुलगी माईक घेऊन आली.
"काका, त्यांची एखादी आठवण?"
मी घड्याळ दाखवलं. तिला चालणारं हवं होतं.

ती चाल मला विचारू नका.
सूर कळतात मला, आयुष्य त्यांतच गेलं,
पण तेव्हा मान खाली होती,
सगळं लक्ष भात्यावर.
आठवतं ते या हाताला, डाव्या.
रात्री उशीवर आपोआप सुरू होतो :
लांब, लांब, एक आखूड,
मग उघडतो,
आणि तिथं त्यानं "थांब" म्हटलं होतं.